हर्षलच्या नावाची मूठ

त्या श्रावणात घरात देवाचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत कपडे काढायला जायचे. मग ते वाळलेले असोत नाहीतर ओले. भांडायची ताकद नव्हती आणि ऐकून घ्यायची इच्छा नव्हती. त्याआधीच्या आठ वर्षांत मी सगळं करून बसले होते. वणीच्या गडाच्या पायऱ्या झाल्या, सोळा गुरुवार झाले, कोणी दिलेला अंगारा झाला, कोणी सांगितलेलं पाणी झालं. प्रत्येक वेळी मी देवासमोर उभी राहून कचेरीत अर्ज द्यावा तशी एकच गोष्ट मागायचे: माझ्या मुलाला चारचौघांसारखं बोलता येऊ दे. पुढे हळूहळू कळलं की हर्षलला झालाय तो आजार नव्हेच. तो घडलाच वेगळा आहे, आणि बदलायचं आहे ते आपल्यालाच. हे मी मान्य केलं. चित्रांचे तक्ते केले, त्याच्या दिवसाचा क्रम भिंतीवर लावला, शाळेशी भांडले, शिकले. पण त्या मान्य करण्यात देवाशी माझं बोलणं थांबलं ते थांबलंच. काम नाही तर बोलायचं तरी काय?

मी नाशिकला सिडकोत राहते आणि मुलींच्या एका वसतिगृहाची मेस सांभाळते. साठ मुलींना किती तांदूळ शिजवायचा हे मला पातेल्याकडे बघून कळतं. संध्याकाळी उरलेलं अन्न दोन वाट्यांपेक्षा जास्त असलं तर मला झोप लागत नाही. माझे यजमान अंबडच्या एका कारखान्यात आहेत. मुलगी पूर्वा तेव्हा नववीत होती आणि हर्षल दहा वर्षांचा. हर्षल बोलतो, पण बहुतेक वेळा ऐकलेलंच वाक्य ऐकलेल्याच सुरात परत म्हणतो. फिरणारी वस्तू दिसली की तो तिथे थांबतो: पंखा, सायकलचं चाक, गिरणीचा पट्टा. मिक्सर लावला की मात्र कानांवर हात ठेवून पळतो. त्याचं खाणं तीन गोष्टींचं होतं: वरणभात, एका ठरावीक लाल पुड्यातली बिस्किटं, आणि स्टीलच्या एका पेल्यातलं दूध. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तीन गोष्टींवर मूल वाढतं.

आषाढात बिस्किटाच्या कंपनीने पुडा बदलला. आत बिस्किट तेच, पण लालचा निळा झाला. हर्षलने पुडा उलटून पाहिला, खाली ठेवला आणि पुन्हा बिस्किटाला हात लावला नाही. जुन्या पुड्यात नवी बिस्किटं भरून बघितली, तेही त्याने ओळखलं. तोपर्यंत ठीक होतं, भात होता. मग मी ती चूक केली. त्याच्या रक्तात लोह कमी आलं होतं आणि गोळी तो घेत नव्हता. मी गोळी कुटून वरणात कालवली. साठ ताटं वाढणाऱ्या बाईला वाटलं, एवढं तर जमेल. पहिल्याच घासाला तो थांबला. थुंकला नाही, ओरडला नाही. घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. तो सहसा डोळ्यांत बघत नाही, त्या दिवशी त्याने बघितलं. नंतर बेसिनपाशी जाऊन तोंड रिकामं केलं, आणि त्या दिवसापासून माझ्या हातचा एकही घास त्याने घेतला नाही. पूर्वाच्या हातचा नाही, त्याच्या वडिलांच्या हातचाही नाही. फक्त दूध, तेही पेल्याचा वास घेऊन.

तीन आठवड्यांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. जिन्यात मध्येच बसायला लागला. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "येत्या सोमवारी वजन करू. आणखी उतरलं तर मी थांबणार नाही. दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल." ज्या मुलाला टॉवेलचं टोक नाकाला लागलेलं चालत नाही, त्याच्या नाकात नळी. ती कोण धरणार, त्याचे हात कोण बांधणार, हे मी रिक्षात बसून मनातल्या मनात ठरवत होते. कारण ठरवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.

आणि त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या घरी कानबाई बसायची होती.

आमचं सासर सटाण्याजवळचं. तिकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरात कानबाई बसवतात. नारळाला नथ, डोळे, लुगडं लेववून चौरंगावर मांडतात आणि सोमवारी सकाळी पाण्यात पोचवतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट. कुळातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, त्यात हरभऱ्याची डाळ घालायची, आणि ते पीठ न चाळता त्याच्या जाड पोळ्या करायच्या. रोट फक्त घरच्यांनी खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे, उरलेच तर जमिनीत पुरायचे. हा मान आमच्या मोठ्या जाऊबाईंचा. त्यांना सगळे जिजी म्हणतात. पण त्या वर्षी जिजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं, आणि त्या व्यायामासाठी आमच्याकडेच राहिल्या होत्या. जिजी जिथे, तिथे कानबाई. म्हणून ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येणार होती.

मी म्हटलं, "जिजी, यंदा राहू द्या. पोरगं उपाशी आहे आणि आपण पुरण शिजवायचं?"

जिजी खुर्चीत पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग तिले काय सांगू? येऊ नको, आमना घर गडबड शे?"

"सांगा."

"तूच सांग. तुनं तोंड मोठं शे." आणि हसल्या. मग पाय चोळत म्हणाल्या, "बाई, पाहुणी घरात अडचण पाहूनच येते. सगळं बरं असलेल्या घरी तिचं काय काम?"

मी कपडे काढायला गॅलरीत गेले.

शनिवारी दुपारी गहू मोजायला बसलो. जिजींची नजर अधू झाली होती, मोतीबिंदू पिकायची वाट पाहत होत्या. त्या खुर्चीतून एकेक नाव घ्यायच्या आणि मी डब्यातून मूठभर गहू सुपात टाकायचे, वर चिमूटभर पाव मूठ. "भाऊना नावनी," "मोठा पोरना नावनी," म्हणजे त्या त्या नावाची मूठ, असं चाललं होतं. त्यांचे दोन्ही मुलगे सुरतेला, सुना, नातवंडं, दीर, चुलत दीर, सगळे धरून तेवीस नावं. खाणारी तोंडं मात्र सहासुद्धा नव्हती. माझं डोकं आपोआप मेसचा हिशेब करत होतं: इतक्या पिठाच्या इतक्या पोळ्या, माणशी इतक्या, पौर्णिमेपर्यंत इतके दिवस. हर्षल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आमच्याकडे पाहत नव्हता, लाइट नसल्याने थांबलेल्या पंख्याकडे पाहत होता.

जिजी म्हणाल्या, "हर्षलना नावनी."

मी हात डब्यात घातला, आणि तसाच वर आणला. रिकामी मूठ सुपावर नेली, उघडली, पाव मुठीसाठी बोटं पुन्हा हलवली, आणि पुढच्या नावाची वाट पाहत बसले. तो खाणार नाही, त्याचा वाटा दुसऱ्यावर पडणार, उरला तर पौर्णिमेला मला कुठेतरी खड्डा शोधावा लागणार. कारण हे असं सरळ होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. त्याखाली दुसरं काही होतं, ते मला फार नंतर बोलता आलं. त्या तीन आठवड्यांत मी मनातून त्याला ताटातून वजा करायला लागले होते. पाच ताटं घ्यायच्या ऐवजी चार घ्यायचे. आशा ठेवली की रोज संध्याकाळी तिचं काय करायचं हा प्रश्न पडतो, म्हणून मी ती शिजवायचीच बंद केली होती.

आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याने कानबाईच्या दळणासाठी सकाळी गिरणी धुऊन पुसून ठेवली होती. पण दहाला गेलेली लाइट तीन वाजले तरी आली नव्हती. चौकातला ट्रान्सफॉर्मर उडाला होता आणि आसपासच्या सगळ्या गिरण्या बंद होत्या. मिक्सरचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही, शिवाय मिक्सरलाही लाइटच लागते. दळण पिशवीत घालून, हर्षलचा हात धरून मी लाइट असलेली गिरणी शोधायला निघाले. झिमझिम पाऊस होता. हर्षल हळू चालत होता, मी त्याला ओढत होते. आमच्या मागच्या गल्लीत एका नव्या इमारतीचं काम चालू होतं, तिथे तो एकदम थांबला आणि हात सोडवून आत शिरला.

वाळूच्या ढिगापलीकडे, प्लास्टिकच्या कागदाखाली, तिथल्या राखणदाराची बायको जात्यावर नागली, म्हणजे नाचणी, दळत होती. ते पेठ तालुक्यातले लोक होते, गावाकडून येताना जातं घेऊन आलेले. हर्षल तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचं तोंड दगडाच्या इतकं जवळ गेलं की मी ओरडणार होते. ती बाई थांबली नाही, तिने फक्त वेग कमी केला.

"अहो, त्याला उठवते मी, तो ऐकत नाही पटकन," मी म्हटलं.

"बसू द्या की. काय खातोय का मला?"

ते शब्द ऐकून मला रडू आलं आणि हसूही. मी तिला दळणाचं सांगितलं. तिने पिशवीत डोकावून पाहिलं, पण हात घातला नाही.

"देवाचं हाय ना? मग इथं नका दळू. जातं घरी न्या. माझं झालंच हाय."

"हे एवढं जड..."

"आमचे हे आनतील वर. किती मजले?"

"तीन."

"मग दोन खेपा." ती उठून हात झटकू लागली. मी तिला आधीच सांगून टाकलं की या पिठाचं मला तुम्हाला देता येणार नाही, आमच्यात बाहेर देत नाहीत. लाज वाटत होती, पण नंतर तोंड चुकवण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. ती म्हणाली, "आमचेबी देव आसेच हायेत, कोनाचं कोनाला चालत नाय. जातं तेवढं पुसून द्या, धुऊ नका." तिच्या नवऱ्याने एका खेपेत खालची तळी आणि दुसऱ्या खेपेत वरची पाळी आणून दिली, खुंटा ठोकून बसवला, आणि चहालाही थांबला नाही.

नंतरचे दोन तास मला नीट सांगता येत नाहीत. हॉलमध्ये जुनी चादर अंथरली होती. लाइट नव्हती, त्यामुळे पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारचा टीव्ही बंद. इतकं शांत आमचं घर मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. खिडकीतून पावसाळी करडा उजेड येत होता आणि सगळ्या वस्तू थोड्या थोड्या पाण्यात असल्यासारख्या दिसत होत्या. मी खुंटा धरला. सुरुवातीला दगड अडायचा, हात भरून यायचा, नंतर तो स्वतःच फिरतोय आणि आपण नुसते सोबत जातोय असं वाटायला लागलं. घरघर अशी आली की ती कानांतून कमी आणि जमिनीतून जास्त ऐकू येत होती. जिजी खुर्चीत डोळे मिटून गुणगुणत होत्या, लेक माहेरी निघाली आहे असलं काहीतरी जुनं गाणं. पीठ चारही बाजूंनी पडत होतं, पांढरं, सावकाश, कोणाचीही घाई नसलेलं. आणि मिक्सर लावला की पळणारा माझा मुलगा जात्याच्या दुसऱ्या बाजूला पालथा झोपला होता, गाल फरशीला लावून, डोळे दगडावर. त्याचं अंग त्या घरघरीने हलत होतं. किती वेळ गेला कळलं नाही. मला वाटलं आम्ही तिघं कुठल्यातरी मोठ्या गोष्टीच्या आत बसलो आहोत आणि ती आम्हाला घेऊन हळूहळू वळते आहे.

मग हर्षल उठला. त्याने माझ्या हातावर हात ठेवला, चार-पाच फेरे आमचे दोघांचे झाले. त्यानंतर तो स्वयंपाकघरात गेला. गव्हाच्या डब्याचं झाकण वाजलं. गव्हात हात खुपसायला त्याला आवडतं, आणि मी नेहमी रागावते, सांडतो म्हणून. त्या वेळी मी रागावले नाही. तो मूठ आवळून परत आला, जात्यापाशी उभा राहिला आणि मूठ जात्याच्या तोंडात रिकामी केली. परत गेला. या वेळी तीन बोटांत थोडेसे दाणे घेऊन आला, तेही टाकले. आणि जिजींच्याच सुरात, त्यांच्याच हेलात म्हणाला, "हर्षलना नावनी."

जिजींनी डोळे उघडले. "काय टाकलं रे पोरा? मोजमाप मोडलं ना!"

मी खुंटा सोडला. दगड अर्धा फेरा फिरून थांबला. मी म्हटलं, "मोडलं नाही, जिजी. त्याची मूठ मी घातलीच नव्हती."

मीच बोलत राहिले, तो खात नाही, वाया जाईल, म्हणून मी हिशेब केला.

"माले माहीत शे," जिजी म्हणाल्या.

"काय?"

"तुझी मूठ रिकामी होती. गहू सुपात पडला की वाजतो. नजर गेली बाई, कान नाही गेले."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलू? नाव घ्यायचं काम माझं होतं, ते मी घेतलं. मूठ कोणाकडून घालून घ्यायची ते तिचं ती पाहील." मग नेहमीच्या आवाजात, "थांबू नको आता, दगड गार होईल."

हर्षलच्या बाबतीत याचं कारण मी सांगू शकते. अर्धवट राहिलेली कोणतीही गोष्ट त्याला सहन होत नाही. दार पाऊण उघडं असलं तर तो उठून लावतो. त्याने तेवीस नावं ऐकली, तेवीस वेळा हात वर-खाली होताना पंख्याकडे बघता बघता पाहिला, आणि एका नावापुढे दाणे पडले नाहीत हे त्याच्या लक्षात राहिलं. राहिलेलं त्याने पूर्ण केलं. एवढंच कारण आहे, आणि मला ते पुरतं. पण मी ज्याला वजा केलं होतं तो स्वतःच्या पायांनी येऊन स्वतःला मांडून गेला, हे त्या कारणात कुठे बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

रविवारी कानबाई बसली. जिजींचे यजमान, आमचे भाऊजी, गावाहून आले, लाइटही आली होती, पण कोणी टीव्ही लावला नाही. नैवेद्य झाला. मी सात ताटं मांडली, एक कानबाईचं आणि सहा आमची. हर्षलचं ताटही मांडलं, त्यात रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, सगळ्यांसारखं. सवयीने माझा हात त्याच्या रोटाकडे गेला, तुकडे करून द्यायला. जिजी म्हणाल्या, "त्याच्या ताटाला हात लावू नको."

"तुकडे करून दिले तर कदाचित..."

"तुझ्या कदाचितने तीन आठवडे झाले. हात धू आणि तुझं जेव."

मला राग आला. पण मी हात धुतले. हर्षल ताटाजवळ आला, वाकून बघितलं, आणि आतल्या खोलीत निघून गेला. कोणी त्याच्यामागे गेलं नाही. मी जेवले. खरं सांगायचं तर पोटभर जेवले, त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मनात मी कानबाईला एवढंच म्हटलं की उद्या सोमवार आहे, नळी घालायची तर घालू, हात मी धरीन, पण आता आज माझ्याच्याने काही होत नाही. ती प्रार्थना नव्हती. दमलेलं माणूस दाराशी पिशवी ठेवतं तसं होतं.

दुपारी सगळे आडवे झाले. त्याचं ताट मी झाकून कानबाईच्या चौरंगाशेजारी ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. समईची ज्योत हलत होती, नारळाच्या डोळ्यांवर काजळ होतं, नथ बारीक थरथरत होती. मला कधी झोप लागली कळलं नाही. झोपेत घरघर ऐकू येत होती. कोणीतरी दळत होतं आणि मी त्यांना विचारत होते, हे कोणाचं दळण? आणि ती बाई, तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणत होती, झोप तू, तुझं नाही. मला इतकं हलकं वाटलं. काहीतरी आहे जे माझं नाही आणि तरी चाललं आहे.

डोळे उघडले तेव्हा हर्षल माझ्यासमोर बसला होता. ताटावरचं झाकण बाजूला होतं. रोटाची एक कड त्याने मोडली होती, पुरण न लागलेली, कोरडी. तो तिचा वास घेत होता. मग त्याने तो तुकडा पुढे करून माझ्या ओठांना लावला.

मला आधी वाटलं, भरवतोय. माझं मन पाघळलं. आणि लगेच कळलं, तो भरवत नव्हता. तपासत होता. वरणातली ती गोळी तो विसरला नव्हता. आधी तू खा, मग बघू. मी तोंड उघडलं, तुकडा चावला. तो माझ्या जबड्याकडे टक लावून पाहत होता. मी गिळला. तोंड उघडून दाखवलं, जीभ बाहेर काढून. दहा वर्षांच्या मुलासमोर बेचाळीस वर्षांची बाई देवाच्या चौरंगापाशी जीभ काढून बसली होती, आणि त्याहून प्रामाणिक मी कोणत्याच देवळात कधी उभी राहिले नसेन.

हर्षलने दुसरा तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

मी हलले नाही. मागे जिजी जाग्या होत्या की नाही माहीत नाही, त्यांनीही हालचाल केली नाही. तो खात राहिला, सावकाश, प्रत्येक घास बराच वेळ चघळत, मधूनच एक तुकडा माझ्या तोंडाला लावत. अख्खा रोट नाही, अर्धाही नाही. कड संपली तेव्हा त्याने ताट झाकलं आणि उठून पंख्याखाली गेला.

सोमवारी सकाळी मिरवणुकांचे बँड सुरू व्हायच्या आत, लवकरच, आम्ही कानबाईला नदीवर पोचवलं. घरी येऊन हर्षलने पुन्हा तीच परीक्षा घेऊन रोटाची कड खाल्ली. मग दवाखान्यात गेलो. काट्यावर तो उभा राहिला. वजन वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "एक आठवडा देते." पौर्णिमेपर्यंत रोट संपले, शेवटचे दोन दिवस तर पूर्वाच्या वाट्याचीही कड तो घेत होता. त्यानंतर त्याच पिठासारखं जाड दळून आणलेल्या गव्हाची पोळी त्याने घेतली. दोन महिन्यांनी वरणभातही परत आला. बिस्किट आलं नाही, येऊ नये. लोहाचं औषध आता मी त्याच्यासमोर चमच्यात ओतते, आधी त्यातला थेंब स्वतः चाखते, तो तोंड वाकडं करून घेतो. कधी घेत नाही, तर नाही.

जातं मी पुसून परत दिलं. त्या बाईसाठी वेगळा शिरा करून नेला, तिने तो तिथेच उभ्याने खाल्ला आणि साखर जास्त झाली असं सांगितलं. दिवाळीनंतर इमारतीचं काम संपलं आणि ते लोक दुसऱ्या कामावर गेले. कुठे ते कोणाला ठाऊक नाही. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं, त्याची चुटपुट आहे.

हर्षल आहे तसाच आहे. आम्हीही बरेचसे आहोत तसेच आहोत. मी अजून उरलेलं अन्न मोजते. पण आता सकाळी मेसला निघण्याआधी देवापाशी दोन मिनिटं उभी राहते. काही मागत नाही. आज जे माझ्या हातून होण्यासारखं आहे ते मी करीन, जे नाही त्यात बोट घालणार नाही, एवढं सांगते. बोट घातलं जातंच, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते.

त्या सोमवारी वजनाचा कागद लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "तीन आठवडे हात न लावलेल्या मुलाने एकदम खाल्लं कसं? तुम्ही नेमकं काय केलंत? दुसऱ्या आयांना सांगता येईल."

मी खूप आठवून पाहिलं. मग खरं ते सांगितलं. "मी झोपले होते."

त्या हसल्या, आणि मीही हसले. पण त्या दुपारी मी झोपलेली असताना माझ्या घरात कोणीतरी जागं होतं. तिला मी हात जोडते.